पीटरसन (पाइप उत्पादक)

आयर्लंडमधील डब्लिन शहरातली, तंबाखू ओढण्याचे पाइप बनवणारी जुनी कंपनी. आपले स्थापनावर्ष ती १८६५ असे सांगते. फ्रीडरिश आणि हाइनरिश काप हे न्यूरेंबर्गहून आलेले दोघे भाऊ ग्राफ्टन स्ट्रीटवर पाइपचे दुकान चालवत. चार्ल्स पीटरसन हा लाटव्हियातला कारागीर तिथे आला, पुढे भागीदार झाला आणि पेढी ‘काप अँड पीटरसन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा लौकिक झाला तो मात्र पीटरसनच्या कल्पकतेमुळे.

तंबाखू जळताना सुटणारी वाफ नळीत थंडावून तिचे पाणी होते. त्यामुळे झुरका घेताना गुडगुड होते आणि कडवट पाणी जिभेवर येते. पीटरसनने धुराच्या वाटेखाली, लाकडातच एक पोकळी कोरली. ओल तिच्यात साचते आणि धूर वरून कोरडा जातो. ओढून झाले की नळी काढायची, पोकळी पुसायची. या ‘सिस्टिम’ पाइपचे पेटंट १८९० चे आहे. १८९८ मध्ये त्याने नळीचे टोकही बदलले. भोक वरच्या अंगाला घेतल्यामुळे धूर जिभेवर न आदळता टाळूकडे जातो. ‘पी-लिप’ नावाची ही रचना आजही बनते. इतका साधा उपाय शंभराहून अधिक वर्षे टिकावा, यातच त्याची पारख झाली.

पाइपसाठी ब्रायर वापरतात. भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी ही कठीण गाठ उष्णतेला दाद देत नाही. महागड्या पाइपांच्या दांड्याला चांदीचे कडे असते आणि त्यावर डब्लिनच्या हॉलमार्कमधले वर्षाचे अक्षर असते; त्यावरून पाइप कोणत्या वर्षीचा ते कळते. चांदी नसेल तर संग्राहक लाकडावरचा ठसा पाहतात: १९२२ नंतर ‘आयरिश फ्री स्टेट’, १९३७ च्या राज्यघटनेनंतर ‘एरा’, १९४९ नंतर ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’. देशाची बदलती नावे अशी पाइपवर उमटली आहेत. जुने ठसे पुढेही वापरात राहत, म्हणून हा अंदाज ढोबळच धरावा.

पीटरसन १९१९ मध्ये वारला. सिगारेटचा प्रसार झाला, पाइपनेही तोंडाचा व फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आणि जगभर हा धंदा आक्रसला. कारखाना आता डब्लिनच्या दक्षिणेकडील सॅलीनॉगिन भागात आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या लॉडिसी कंपनीने पाइपचा व्यवसाय घेतला, तर पीटरसन नावाची तंबाखू स्कँडिनेव्हियन टोबॅको ग्रुपकडे गेली.