नवीन मीटरचा अर्ज आणि ‘टेस्ट रिपोर्ट’ नावाचा कागद

घर बांधून होतं, प्लॅस्टर सुकतं, रंग लागतो आणि मग मीटरची आठवण होते. तोवर वायरिंग भिंतीत गाडलं गेलेलं असतं. आधार कार्ड, घरपट्टीची पावती हे कागद कपाटात सापडतात. अडतं ते टेस्ट रिपोर्टपाशी. मग कोणीतरी सांगतं, ‘अहो, त्यात काय, चार पैसे टाका, सही-शिक्का मिळतो.’ मिळतोही. पण घरातल्या तारा धड आहेत की नाहीत हे सांगणारा सगळ्या अर्जात तेवढाच एक कागद असतो, म्हणून इथे त्याला जरा जास्त जागा देतो.

आधी अर्जाचं. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार जोडणी मागू शकतो. म्हणजे भाडेकरूही मागू शकतो, त्याच्याकडे जागेच्या ताब्याचा पुरावा हवा. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडसह उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात महावितरण, आणि गोव्यात सरकारचं वीज खातं, असा पुरवठादार जागेप्रमाणे बदलतो. पुढचं मी महावितरण डोळ्यापुढे ठेवून लिहितो आहे.

केंद्राच्या वीज (ग्राहक हक्क) नियम, २०२० प्रमाणे १० किलोवॉटपर्यंतच्या जोडणीच्या अर्जासोबत दोनच कागद पुरतात: ओळखीचा पुरावा आणि मालकी किंवा ताब्याचा पुरावा. ओळखीसाठी आधार, पॅन किंवा मतदार कार्ड. जागेसाठी सूची क्रमांक २, घरपट्टीची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, भाड्याचं घर असेल तर करारनामा. शेजारच्या घराचं वीजबिल हाताशी ठेवा. त्यावरच्या ग्राहक क्रमांकावरून तुमची जागा नेमकी कुठल्या लाइनवर येते ते शाखा कार्यालयाला पटकन कळतं. अर्ज संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर करता येतो. मग लाइनमन जागा पाहून जातो, कोटेशन निघतं, पैसे भरायचे, टेस्ट रिपोर्ट द्यायचा आणि मीटर बसतो.

अर्जात ‘जोडभार’, म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तूंचे मिळून वॉट, असा रकाना असतो. तिथे बरेच जण हात आखडता घेतात, कारण नव्या ग्राहकाची सुरक्षा ठेव जोडभाराच्या अंदाजावर ठरते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांप्रमाणे ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असते. तरी आकडा खरा लिहा. प्रत्येक वस्तूचे वॉट माहीत नसतील तर हिशेबाची जुनी रीत आहे: दिव्याला ६०, पंख्याला ६०, ६ अँपिअरच्या सॉकेटला १०० आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला १००० वॉट. एलईडीच्या जमान्यात दिव्याचे ६० जास्त वाटतात, पण घराच्या तारा पुढची पंचवीस वर्षं तरी बदलत नाहीत.

समजा दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. ६ दिवे, ३ पंखे, ४ छोटी सॉकेट. झाले १३ पॉइंट आणि ३६० अधिक १८० अधिक ४०० म्हणजे ९४० वॉट. गिझर आणि वॉशिंग मशिनला मोठी दोन सॉकेट, त्याचे २०००. जोडभार सुमारे ३ किलोवॉट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता भिंतीतलं. भारतीय मानकांप्रमाणे दिवे, पंखे आणि ६ अँपिअरची सॉकेट एका सर्किटवर घेता येतात, पण १० पॉइंट किंवा ८०० वॉट यांतलं जे आधी भरेल तिथे ते सर्किट संपतं. आपल्या उदाहरणात दोन्ही मर्यादा ओलांडल्या, म्हणजे लाइटचीच सर्किट दोन हवीत. ८०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आसपास. अशा सर्किटला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा खटका, छान पुरते. १६ अँपिअरचं सर्किट वेगळंच, त्यावर जास्तीत जास्त दोन सॉकेट, तार ४ चौरस मिलिमीटरची. गिझरला मी तरी एकटं सर्किट देतो.

लाइटचं आणि १६ अँपिअरचं सर्किट वेगळं ठेवायची ही पद्धत मोडते ती नंतर. स्वयंपाकघरात इंडक्शन येतं, ते लाइटच्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर घालून लावलं जातं आणि एमसीबी पडते. मग ६ ची काढून २० ची बसवली जाते. पडणं थांबतं, सगळे खूश. एमसीबी इंडक्शनसाठी नसते, भिंतीतल्या तारेसाठी असते हे कोणाच्या ध्यानात येत नाही. बारीक तार आता तापते आणि तिला थांबवणारं कोणी उरत नाही.

मघाचे ३ किलोवॉट आठवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे २ किलोवॉट आणि त्यावरच्या घरगुती मांडणीला गळती ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण, म्हणजे आपली आरसीसीबी, लागते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्या. नव्या घरात ती सारखी पडते म्हणून काढून टाकणारे कारागीर मी पाहिलेत. बहुतेक वेळा दोन सर्किटच्या न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारा, कुठल्या तरी बोर्डात एकत्र बांधलेल्या असतात. ते शोधायला अर्धा दिवस जातो, आरसीसीबी काढायला दहा मिनिटं.

आणि अर्थिंग. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडून मोकळं व्हायची वाईट सवय अजून गेलेली नाही. मागे कुठे ती न्यूट्रल तुटली की फ्रिजचा पत्रा थेट फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर येतो. हिरवी तार प्रत्येक सॉकेटपासून अर्थच्या खड्ड्यापर्यंत सलग गेलीच पाहिजे. स्विच फेजच्या तारेत हवा, न्यूट्रलमध्ये नव्हे.

हे सगळं झालं की टेस्ट रिपोर्ट. तो देण्याचा अधिकार शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराला आहे, शेजारच्या हुशार मुलाला नाही. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यापलीकडचं कुठलंही काम, जुन्या घरात नवा पॉइंट काढणंसुद्धा, परवानाधारक ठेकेदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावं असं विनियम सांगतात. म्हणून प्लॅस्टरच्या आधीच ठेकेदार गाठा आणि परवान्याची मुदत पाहून घ्या. तपासणीत फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक मिनिट ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन मोजतात, ते किमान १ मेगओहम भरायला हवं. याला मेगर नावाचं मोजायचं यंत्र लागतं. ठेकेदार मेगर न आणता आला आणि चहा पिऊन सही करून गेला, तर रिपोर्टातले आकडे कुठून आले ते समजून घ्या. वायरिंगचा नकाशा मागून घ्यायलाही विसरू नका, खिळा ठोकताना उपयोगी पडतो.

मुदतींचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण अर्ज मिळाल्यापासून महानगरात ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७, ग्रामीण भागात १५ आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत जोडणी मिळायला हवी. खांब किंवा लाइन वाढवावी लागत असेल तर जास्त वेळ जातो. ‘पूर्ण’ या शब्दावरच सगळं अडतं, म्हणून त्रुटी लेखी मागा आणि अर्ज क्रमांक जपा. दिवस उलटून गेले तर आधी १९१२ वर तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

मीटर बसवायला माणूस येईल तेव्हा घरी थांबा. सुरुवातीचं रीडिंग लिहून घ्या, मीटरचा फोटो काढा. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, त्याच्या पुढची तुमची. वीज सुरू झाली की पहिला पंखा लावायच्या आधी आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला तर पंखा लावा, नाही पडला तर ठेकेदाराला तिथूनच फोन करा.