आईमागची पिल्लं आणि मशीनची पिल्लं: अंगणात कधी सोडायची?

गेल्या हिवाळ्यात शेजारची सून दोन मेलेली पिल्लं सुपात घेऊन दारात उभी राहिली. "काकू, तुमची पिल्लं तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर फिरतेत. माही तर आठ दिवसांची होती, मंग काहून मेली?"

तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या कोंबडीची पिल्लं तेव्हा तुराट्यांच्या कुडाजवळ माती उकरत होती आणि ती तिसऱ्याच दिवसाची होती. तिची पिल्लं मात्र दुचाकीवर जाळीची टोपली बांधून येणाऱ्याकडून घेतलेली, मशीनमध्ये उबवलेली. शेजारी शेजारी ठेवली तर कुणालाही ओळखू येणार नाहीत. म्हणूनच ही चूक गावोगाव होते.

अंड्यातून निघायला दोघांनाही 21 दिवस लागतात. निघताना पोटात बलकाचा उरलेला भाग असतो, त्यावर दोन दिवस दोघंही काढू शकतात. पहिले दोन-तीन आठवडे दोघांनाही स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही, कारण अंगावर असते ती लव, पिसं नव्हेत. एवढं सारं सारखं असताना फरक पडतो तो ऊब कुठून मिळते यात.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसून, पिल्लं घेऊन उठलेल्या कोंबडीजवळ अर्धा तास बसून बघा. पिल्लं थोडा वेळ चरतात, मग एखादं चिवचिवायला लागतं. कोंबडी आहे तिथेच खाली बसते, पंख जरासे सैल सोडते आणि सगळी आत घुसतात. थोड्या वेळानं पंखाच्या कडेतून एक डोकं बाहेर येतं, इकडेतिकडे बघतं, पुन्हा आत जातं. मग सगळी बाहेर पडून चरायला लागतात. दिवसभर हेच चालतं. आईमागचं पिल्लू उघड्यावर असतं ते असं तुकड्या-तुकड्यानं, मिनिटांच्या हिशेबानं. चालती शेगडी त्याच्यासोबत फिरत असते. शेजारणीची पिल्लं सकाळी सोडली ती दुपारपर्यंत उघड्यावरच होती. आभाळ आलं, गार वारा सुटला, ती कोपऱ्यात एकमेकांवर चढली. वरची थंडीनं गारठली, खालची दबून गेली.

ऊब ही पहिली गोष्ट, पण एवढीच नाही. घार वर आली की कोंबडी मान वाकडी करून एका डोळ्यानं आभाळ बघते आणि एक लांब आवाज काढते. पिल्लं जागच्या जागी थिजतात किंवा आडोशाला पळतात. मुंगूस किंवा मांजर दिसलं तर आवाज वेगळा, तुटक आणि कलकलाटाचा. खायचं सापडलं की टुक-टुक. मशीनच्या पिल्लाला यातलं काही ऐकायला मिळालेलं नसतं. घारीची सावली अंगावरून गेली तरी ते टिपतच राहतं.

म्हणून मशीनच्या पिल्लांचा हिशेब दिवसांवर न करता ऊब आणि पिसांवर करायचा. पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागेवर साधारण 33 ते 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत जायचं. पाठीवर आणि पंखांवर पिसं भरायला पाच-सहा आठवडे जातात. आता हे आपल्या विदर्भाच्या ऋतूंना जोडून बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा पाच-सहा आठवड्यांआधी मोकळं सोडायची घाई नको, आणि नंतरही ऊन चढल्यावरच. एप्रिल-मे मध्ये उलट. तीन आठवड्यांचं पिल्लू सकाळी सात-आठला थोडा वेळ बाहेर काढलं तर चालतं, पण अकराच्या आत ते सावलीत हवं. चोच उघडी टाकून धापा टाकू लागलं, पंख अंगापासून दूर धरले, की आधीच उशीर झाला समजा. पावसाळा मला सगळ्यात अवघड वाटतो. लव भिजली की ऊब संपली, आणि ओल्या जागेत रक्ती हगवण येते, ती नेमकी तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना जास्त धरते.

काहीजण विचारतात, मशीनची पिल्लं खुडूक कोंबडीखालीच सोडून द्यावी का? जमतं, पण तिची स्वतःची पिल्लं त्याच वेळी निघालेली हवी, आणलेली पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवी, आणि अंधारात हळूच पंखाखाली सरकवायला हवी. मी एकदा पाच दिवसांची पिल्लं भर दिवसा तिच्यापुढे सोडली. तिनं टोचून एकाचं डोकं रक्तबंबाळ केलं. चूक माझीच होती, तिला ती परकी वाटली.

एका गोष्टीत मात्र आईचा काही उपयोग नाही, ती म्हणजे मानमोडी, कोंबड्यांचा राणीखेत रोग. कोंबडीमागे फिरणारं पिल्लू पहिल्या दिवसापासून मातीतले जंतू थोडे थोडे पचवतं, हे खरं. पण मानमोडीची साथ आली की आईसकट सगळं खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात दोन्हीकडच्या पिल्लांना द्यायलाच हवा. विकत घेताना लस दिली का, कोणती, कोणत्या दिवशी, हे विचारून घ्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पुढच्या लसींच्या तारखाही सांगतात. आणि मशीनची पिल्लं मोठ्या कोंबड्यांमध्ये एकदम मिसळू नका. मोठ्या टोचतात, आणि त्यांच्या अंगचे रोग पिल्लांना लागतात.

मशीनची पिल्लं अंगणात काढायच्या पहिल्या दिवशी मी असं करते. ऊन बघून अंगणातली कोरडी जागा निवडते, जिथे बियाण्याला लावायचं औषध किंवा फवारणीचं पाणी सांडलेलं नाही. त्यावर डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथं घालते आणि आत पिल्लं सोडते. डालग्याच्या अर्ध्या भागावर पोतं टाकते, म्हणजे ऊन-सावली दोन्ही मिळते. उथळ ताटलीत पाणी, त्यात दोन-चार खडे, नाहीतर पिल्लू त्यातच पडून भिजतं. पंधरा-वीस मिनिटांनी एक पिल्लू उचलून त्याचे पाय माझ्या गालाला लावते. पाय गार लागले की सगळी आत. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. आठवडाभर डालग्यात, मग डालगं उचलून मी जवळ बसून राहते. वाळवी मिळाली तर आदल्या रात्री शेण आणि गोणपाट भरलेलं मडकं वारुळावर पालथं घालून ठेवते, सकाळी ती त्यांच्यापुढे झाडते. उकरायला शिकायला याहून चांगलं काही नाही.

संध्याकाळी फरक पुन्हा दिसतो. आईमागची पिल्लं तिच्या मागोमाग खुराड्यात जातात. मशीनची जिथं अंधार पडेल तिथंच बसून राहतात. त्यांच्यासाठी मी पहिल्या दिवसापासून कणी पत्र्याच्या डब्यातच ठेवते आणि खायला घालायच्या आधी डबा वाजवते. चार-पाच दिवसांत आवाज आला की सगळी पळत येतात, अंगणाच्या कोणत्याही कोपऱ्यात असोत.