गगनबावडा ते शिरोळ : शिवाराच्या रंगांचे विज्ञान

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गगनबावड्यात वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर असलेल्या शिरोळ तालुक्यात तो ५००-६०० मिलिमीटरवर येतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिकामे करतात. पुढे पूर्वेकडे उतरताना ते तापतात आणि कोरडे होतात. एवढ्या कमी अंतरात पावसाचे प्रमाण दहापटीने बदलत असल्यामुळे माती बदलते, पीक बदलते आणि पिकाचे वेळापत्रकही बदलते. म्हणून शेताशिवाराचे फोटो काढू पाहणाऱ्या माणसाला हा जिल्हा फार सोयीचा आहे : एकाच दिवशी सकाळी शाहूवाडीत हिरवा आणि संध्याकाळी हातकणंगल्यात पिवळा हंगाम पाहता येतो. मात्र कोणता रंग कुठे आणि केव्हा भेटेल हे नशिबावर सोडायचे नसेल, तर तो रंग मुळात कशातून तयार होतो हे माहीत असावे लागते.

सुरुवात मातीपासून करू. मे महिन्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर किंवा राधानगरीच्या सड्यांवर उघडी पडलेली जमीन तांबडी दिसते, तर पूर्वेकडची नांगरलेली राने काळीभोर असतात. दोन्हींचा पाया एकच, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट खडक. पश्चिमेला लाखो वर्षे धो-धो पडणाऱ्या पावसाने त्यातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे उरली आणि जांभा तयार झाला. त्यातले हेमॅटाइट तांबडा रंग देते, गोएथाइट पिवळसर. पूर्वेकडे कमी पावसात ही धुलाई झाली नाही. तिथे चिकणमातीची खनिजे टिकली, त्यांच्याशी सेंद्रिय द्रव्य घट्ट बांधले गेले आणि माती काळी राहिली. ही खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा त्याच आकसण्याच्या.

मृगाचा पहिला पाऊस पडला की हीच माती क्षणात गडद होते. पाण्याला स्वतःचा रंग नसताना असे का व्हावे, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर रंजक आहे. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. हवा आणि खनिज यांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश किती वळवतात त्या मापात, मोठा फरक असल्यामुळे प्रत्येक कणावर प्रकाश जोरात विखुरतो आणि त्यातला बराचसा लगेच बाहेर, आपल्या डोळ्याकडे परततो. हवेची जागा पाण्याने घेतली की हा फरक कमी होतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, मातीच्या खनिजांचा साधारण १.५. प्रकाश आता फारसा मागे न वळता आत शिरतो, जास्त कणांमधून फिरतो आणि वाटेत जास्त शोषला जातो. शिवाय कणांवरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून बाहेर पडू पाहणारा काही प्रकाश आतल्या बाजूनेच परावर्तित होऊन पुन्हा मातीत जातो. लोहाची ऑक्साइडे निळा-हिरवा प्रकाश शोषतात आणि तांबडा सोडतात. त्यामुळे तांबडी माती भिजल्यावर केवळ काळवंडत नाही, तर अधिक तांबडी होते. भुदरगड-राधानगरीत मे महिन्यातच भाताच्या धूळवाफ पेरण्या उरकलेल्या असतात आणि वळवाच्या सरीनंतर शेजारशेजारची ओली व कोरडी वावरे वेगळ्या खाणीतून आणल्यासारखी दिसतात. ही संधी तासाभराची असते, कारण ऊन पडले की वरचा थर लगेच वाळतो.

जुलैत चिखलणी होऊन तरव्यातली रोपे वाफ्यांत जातात आणि पुढचे दोन महिने हिरव्याचे राज्य असते. निरोगी पानावर पडलेल्या तांबड्या आणि निळ्या प्रकाशाचा मोठा भाग हरितद्रव्य शोषून घेते. हिरव्या प्रकाशातलाही फक्त दहा-पंधरा टक्के परत येतो; तरी पान आपल्याला हिरवेगार दिसते, कारण भर उजेडात मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. कॅमेऱ्याची रचनाही डोळ्याच्या याच सवयीवर बेतलेली आहे. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना योजलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या गाळणीत निम्मे बिंदू हिरवे, पाव तांबडे आणि पाव निळे असतात, आणि आज बहुतेक मोबाइलांच्या सेन्सरवर हीच मांडणी किंवा तिची एखादी सुधारित आवृत्ती आढळते. डोळ्याला अजिबात न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र पान ४० ते ५० टक्के परत फेकते. उपग्रह पिकाची तब्येत मोजतात ती तांबड्या आणि अवरक्त प्रकाशातल्या या तफावतीवरून.

शेतकरी हेच मोजमाप नुसत्या नजरेने करतो. भाताचे पान फिकट पडले की नत्र कमी पडले हे त्याला कळते, कारण पानातल्या नत्राचा मोठा वाटा हरितद्रव्य आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत गुंतलेला असतो. या नजरेला शास्त्राने एक प्लॅस्टिकची पट्टीही दिली आहे. पर्णरंग तक्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्टीवर फिकट पिवळसर ते गर्द हिरव्या अशा चढत्या छटा असतात. पान स्वतःच्या अंगाच्या सावलीत धरून छटेशी जुळवायचे आणि युरिया टाकायचा की थांबायचे ते ठरवायचे. सावलीत धरण्याचे कारण छायाचित्रकाराने नीट समजून घ्यावे. भाताच्या पानावर मेणचट थर असतो आणि त्यावरून उन्हाची किंवा आभाळाची पांढरी चकाकी परतते. ही चकाकी पानाच्या आत शिरलेलीच नसते, त्यामुळे तिला हिरवा रंग नसतो. ती खऱ्या रंगावर पांढरे पाणी ओतते. ती बरीचशी ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारी, असल्याने लेन्ससमोर पोलरायझर (असा प्रकाश अडवणारी काच) लावून फिरवला की कमी होते आणि पान एकदम गडद दिसू लागते. सॅच्युरेशन वाढवून आणलेला हिरवा आणि चकाकी काढून मिळवलेला हिरवा यांत फरक असतो. पहिल्यात बांधावरचे गवत, भात आणि ऊस सगळे एकाच डब्यात बुडवल्यासारखे होतात, दुसऱ्यात प्रत्येकाचा हिरवा वेगळा राहतो. पण लावणीच्या दिवसांत वाफ्यात साचलेल्या पाण्यात ढगांचे प्रतिबिंब हवे असेल, तर पोलरायझर पिशवीतच ठेवावा. पाण्यावरून परतणारा प्रकाश साधारण ५३ अंशांच्या कोनात जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो. तो अडवला की ढग जाऊन खालचा गाळ तेवढा दिसतो.

कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेमधला शून्य सावली दिवस गच्चीवर जमून पाहिला जातो. ऑगस्टमधला ढगांत हरवतो. डोक्यावरच्या उन्हात सरी आणि बांध सपाट दिसतात, कारण त्यांची सावली त्यांच्याच पायाखाली असते. उलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो, म्हणून हिवाळ्यात फोटोचा दिवस लांबतो. सूर्यास्ताची दिशाही वर्षभर सरकते : जूनअखेरीस ती पश्चिमेच्या २४-२५ अंश उत्तरेला, डिसेंबरात तितकीच दक्षिणेला. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अशा दोन वेळी होतो, कारण या दोन्ही वेळी मावळता सूर्य त्याच जागी, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला असतो. उसाच्या तुऱ्यामागे सूर्य हवा असेल तर कुठल्या बांधावर उभे राहायचे, याचा हिशेबही याच गणिताने होतो.

माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला काळ पावसाळा नसून सप्टेंबरचा उत्तरार्ध ते दिवाळी हा आहे. पावसाने हवेतली धूळ धुतलेली असते आणि जोतिबाच्या डोंगरावरून दूरवरच्या रांगा स्वच्छ निळ्या दिसतात. हा निळा डोंगराचा नसून मधल्या हवेचा असतो : हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतात, आणि अंतर वाढेल तसा तो विखुरलेला निळा डोंगराच्या गडद पार्श्वभूमीवर साचत जातो. याच सुमारास सोयाबीन पिवळे पडून पाने गाळते, नाचणीची कणसे तपकिरी होतात आणि भात सोनेरी होऊ लागते. भाताचा सोनेरी रंग नव्याने तयार होत नाही. दाणा भरू लागला की रोप पानातले हरितद्रव्य आणि प्रथिने मोडून त्यातले नत्र दाण्यात हलवते, आणि आधीपासून पानात असलेली पिवळी कॅरोटिनॉइडे उघडी पडतात. ओंबीजवळच्या वरच्या पानापेक्षा बुडखातली पाने आधी पिवळी होतात, म्हणून उतारावरचे शेत खालच्या बाजूने पाहिले तर सोनेरी आणि वरून पाहिले तर अजून हिरवट वाटते. आजऱ्याकडचा घनसाळ हा भाताचा वाण उशिरा तयार होतो; इतरत्र कापण्या उरकल्या तरी तिकडे पिवळे वाफे उभे असतात. या दिवसांत एक पथ्य पाळावे. पिकलेले भात पायाने लवले की दाणे झडतात, त्यामुळे चांगल्या कोनासाठी बांध सोडून आत उतरू नये आणि मालक रानात असेल तर आधी विचारावे.

नोव्हेंबरपासून उसाला तुरे येतात. उसाचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते : सप्टेंबरात दिवस हळूहळू लहान होत साडेबारा तासांच्या आसपास आला की शेंड्यातला कोंब पाने काढणे थांबवून फुलोऱ्याकडे वळतो आणि तुरा त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी बाहेर पडतो. तुरा हातात घेऊन पाहिला तर प्रत्येक कणभर फुलाच्या तळाशी रेशमी पांढऱ्या केसांचा झुबका दिसतो. हे केस प्रकाश मागे परतवण्यापेक्षा पुढच्या दिशेने जास्त विखुरतात, म्हणून सूर्य पाठीशी असताना मळकट वाटणारा तुरा सूर्याकडे तोंड करून पाहिला की चांदीसारखा पेटतो. फोटोत सुंदर दिसणारी ही गोष्ट शेतकऱ्याला मात्र नको असते. तुरा आला की उसाची वाढ थांबते, आणि तोड लांबली तर कांड्या आतून पोकळ, दशीदार होऊन वजन व साखर दोन्ही घटतात. तुऱ्यांनी भरलेले मनमोहक रान म्हणजे बऱ्याचदा तोडीची टोळी वेळेवर न मिळालेले रान असते.

याच हंगामात गुऱ्हाळे पेटतात. चुलवाणात चिपाड जळते आणि धुराड्यातून निघणारा धूर गर्द उसाच्या पार्श्वभूमीवर निळसर, तर उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर पिवळट-तपकिरी दिसतो. धूर एकच असतो. त्याचे अतिबारीक कण निळा प्रकाश बाजूला फेकतात. मागे अंधार असेल तर तो फेकलेला निळा आपल्याला दिसतो, मागे उजेड असेल तर निळा वजा होऊन उरलेला. जरा मोठे कण किंवा बाष्पाचे थेंब मिसळले की फरक मिटतो आणि धूर नुसता पांढरा होतो. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे हा धूर वर न जाता पंचगंगेच्या काठाने आडवा पसरतो. काहिलीत रस आटताना ठरणाऱ्या रंगाची गोष्ट निराळी आहे. शर्करा आणि अमिनो आम्ले तापून तपकिरी संयुगे तयार होतात, त्यामुळे नैसर्गिक गूळ तांबूसच असतो. बाजाराला पिवळाधमक आवडतो म्हणून काही ठिकाणी रसायनाने तो उजळवतात. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला तांबूस गूळ मला फोटोतही आणि ताटातही जास्त रुचतो.

फेब्रुवारीनंतर पश्चिमेकडचे डोंगर भुरे पडतात, पण कमी पावसाचे शिरोळ हिरवे राहते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी पंचगंगेतून पूर्वेकडे वाहते आणि शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणात साठलेला पाऊस उन्हाळ्यात तिकडच्या उसाला मिळतो. मे महिन्यातला शिरोळचा हिरवा हा एका अर्थी आदल्या वर्षीचा घाटावरचा पाऊसच असतो. त्याची किंमतही तिथेच पांढऱ्या रंगात दिसते. सततच्या भरपूर पाण्याने भूजलाची पातळी वर येते, पाणी केशाकर्षणाने काळ्या मातीतून वर चढते, पृष्ठभागावर वाफ होऊन उडते आणि क्षारांचा पापुद्रा मागे ठेवते. अशा क्षारपड रानाचा फोटो कॅमेरा आपोआप करड्या रंगात उतरवतो, कारण प्रत्येक दृश्य सरासरी मध्यम उजेडाचे आहे असे तो गृहीत धरतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, हाताने वाढवावे लागते.

मोबाइलचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग सावरणारी सोय, तीही दृश्याचा सरासरी रंग करडा आहे असे गृहीत धरून चालते. चौकटभर पिवळे भात दिसले की तिला तो पिवळ्या दिव्याचा प्रकाश वाटतो आणि ती चित्र निळसर करून टाकते. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापूर शहरात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा घडवला, तेव्हा चित्र कृष्णधवल असल्याने निदान हा त्रास नव्हता. एकाच जागेचे वर्षभर फोटो काढायचे असतील तर व्हाइट बॅलन्स उन्हाच्या ठरावीक मूल्यावर कायम ठेवावा, शक्य तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने रंग न सावरलेली मूळ नोंद) घ्यावी, वेळ दुपारच्या आसपासची एकच धरावी आणि चौकट एखादे झाड व विहिरीचा कठडा पाहून जुळवावी. फोटोच्या प्रत्येक बिंदूत तांबड्या, हिरव्या आणि निळ्याचे आकडे नोंदलेले असतात; मग प्रत्येक फोटोतल्या शेताच्या भागासाठी हिरव्याच्या आकड्याला तिन्हींच्या बेरजेने भागावे. जगभर जंगलांवर आणि शेतांवर बसवलेले ऋतुमापनाचे कॅमेरे हेच गुणोत्तर वापरतात. उजेड कमी-जास्त झाला तरी ते फारसे हलत नाही, आणि आलेखावर लावणीनंतरचा चढ, दाणा भरतानाची घसरण आणि कापणीची पायरी अशी तिन्ही ओळखता येतात. कठडा सिमेंटचा करडा असेल तर त्याचेही गुणोत्तर काढून ठेवावे. ते एक-तृतीयांशाच्या आसपास स्थिर राहायला हवे. तेच बदलू लागले तर बदल शेतात नसून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये झाला आहे असे समजावे.