जेकिल, हाइड आणि ‘दुभंग’ या शब्दाचा घोळ

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या लघुकादंबरीत डॉ. जेकिल स्वतः बनवलेलं औषध पिऊन हाइड नावाचा दुष्ट माणूस होतो. या जेकिल-हाइडचं नाव निघालं की आपल्याकडे ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ असं लिहून मोकळे होतात. काही जण तर सरळ ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणतात. तो शब्दच १९०८चा, आणि त्या आजाराचा इथे काही संबंध नाही. ती लघुकादंबरी तर त्याआधीच, १८८६च्या जानेवारीत एका शिलिंगला विक्रीला आली.

‘दुभंग’ म्हटलं की एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही असं वाटतं. इथे दोघांची स्मरणशक्ती सामाईक आहे, हे डॉक्टर स्वतःच्या कबुलीजबाबात लिहून ठेवतो. हाइडच्या नावाने वेगळ्या बँकेत खातं तोच उघडतो, आणि सहीसाठी आपलंच अक्षर मागे कलतं करतो. पुढे एक जाणकार कारकून हाइडची चिठ्ठी आणि डॉक्टरचं जेवणाचं आमंत्रण शेजारी ठेवून पाहतो: वळण तेच, फक्त तिरपेपणा वेगळा. याला दुभंगणं कसं म्हणायचं? हा वेषांतराचा मामला आहे, आणि वेष घालणारा पूर्ण शुद्धीवर आहे.

दुसरा गैरसमज ‘एक चांगला, एक वाईट’ हा. हाइड निखळ वाईट, हे खरं. पण निखळ चांगला कुणी बाहेर पडतच नाही, जेकिल आधीसारखाच सरमिसळ राहतो. औषधालाही बरं-वाईट कळत नाही, ते नुसतं दार हलवतं. त्या वेळी सद्गुण झोपलेला होता आणि महत्त्वाकांक्षेने वाईटाला जागं ठेवलं होतं, म्हणून हाइड बाहेर आला. दोष रसायनाचा नाही, घेणाऱ्याच्या हेतूचा. पुढे मात्रा दुप्पट, एकदा तर तिप्पट करावी लागते. औषधासाठी नव्याने आणलेल्या क्षाराने मिश्रण उकळतं, रंग एकदा बदलतो, पण जांभळ्याचा हिरवा होत नाही. पहिल्याच क्षारात कसलीतरी भेसळ होती आणि गुण तिचाच होता, असं डॉक्टरला शेवटी वाटतं.

या पुस्तकाआधी गॉथिक, म्हणजे भय-गूढ कथेतलं दुष्टपण बहुधा किल्ल्यात, तळघरात राहायचं. १८२४च्या एका स्कॉटिश कादंबरीत ते सोबती होऊन शेजारी चालू लागलं. तो सोबती खरा की मनातला, हे तिथे उघडच ठेवलंय. एडिंबरामध्ये दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि रात्री घरफोड्या असलेला माणूस १७८८मध्ये फासावर गेला होता. जेकिलच्या लेखकाने त्याच्यावर आधी नाटकही लिहिलं होतं, सहलेखकासोबत.

घोळ वाढवला तो रंगभूमीने. १८८७मध्ये बोस्टनला आलेल्या नाटकात डॉक्टरला वाग्दत्त वधू मिळाली. पुस्तकात ती नाहीच. १८८८च्या ऑगस्टमध्ये प्रयोग लंडनला लागला आणि त्याच महिनाअखेरीस तिथल्या व्हाइटचॅपल भागात ‘जॅक द रिपर’चे मानले जाणारे खून सुरू झाले. वर्तमानपत्रांनी दोन्हींची सांगड घातली. १९३१च्या चित्रपटात डॉक्टर गरिबांना फुकट तपासणारा देवमाणूस झाला आणि हाइड सुळे बाहेर आलेला वानर.

पुस्तकातला हाइड आकाराने लहान आहे. नऊ दशांश आयुष्य संयमात गेल्यामुळे वाईट बाजूला व्यायामच कमी मिळाला, असं कारण डॉक्टर देतो. त्याचे कपडे हाइडला ढगळ होतात: कोटाची कंबर मांड्यांवर, कॉलर खांद्यांवर पसरलेली, आणि जमिनीवर लोळू नये म्हणून विजार वर दुमडलेली.