एका ठिपक्याने दहापट डोस

प्रिस्क्रिप्शन अजिबात वाचता आले नाही, तर फार्मासिस्ट डॉक्टरांना फोन करतो आणि चूक बहुधा तिथेच टळते. खरा घात करते ती सहज वाचता आलेली, पण भलतीच वाचली गेलेली चिठ्ठी. तिथे कुणालाच शंका येत नाही. म्हणून अक्षर सुंदर असण्यापेक्षा मजकुराचा दुसरा अर्थ निघू न देणे जास्त महत्त्वाचे.

सर्वांत धोकादायक खूण म्हणजे दशांशचिन्ह. १.० मिग्रॅ लिहिताना ठिपका फिकट उमटला किंवा कागदावरच्या छापील रेघेत हरवला, की ते १० होते. .५ चा ठिपका गेला, की उरतात ५. दोन्हींत डोस दहापट. यावरचे नियम पक्के आहेत: पूर्ण संख्येपुढे दशांश आणि शून्य लावायचे नाही, आणि एकाहून लहान संख्येआधी शून्य लिहायचेच. शक्य असेल तर दशांश टाळावाच. डिगॉक्सिन ०.१२५ मिग्रॅ लिहिण्याऐवजी १२५ मायक्रोग्रॅम लिहिले, की ठिपक्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र 'मायक्रोग्रॅम' पूर्ण लिहावे. त्याचे ग्रीक चिन्ह घाईत इंग्रजी 'एम'सारखे दिसते आणि डोस थेट हजारपट वाचला जातो.

इन्सुलिनच्या 'युनिट'चेही तसेच. १० च्या पुढे लिहिलेल्या इंग्रजी 'यू'चे तोंड वर मिटले, की १०० दिसतात, आणि एवढ्या इन्सुलिनने रक्तातली साखर जीवघेणी उतरू शकते. औषधाचे नाव आणि आकडा यांत मोकळी जागा हवी ती याच कारणासाठी. इंग्रजीत प्रोप्रॅनोलॉलला २० चिकटून लिहिले, तर नावाच्या शेवटचा 'एल' एक होतो आणि २० चे १२० होतात.

वेळेचा घोळही कमी नाही. 'ओडी' म्हणजे काही जणांसाठी दिवसातून एकदा, तर नेत्रविभागात उजवा डोळा. मेथोट्रेक्झेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खालावते; यात रुग्ण दगावलेही आहेत. इथे 'आठवड्यातून एकदा' एवढेही पुरत नाही. 'फक्त सोमवारी' असा वार पूर्ण लिहावा.

मुलांच्या पातळ औषधांत तर 'पॅरासिटामॉल ५ मिली' ही चिठ्ठी अर्धवटच म्हणायला हवी. १२ किलोच्या मुलाला एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे १२० ते १८० मिग्रॅ लागते. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेल्या सिरपमधून ते बरोबर मिळते. ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेले सिरप दिले, तर डोस जास्त होतो. आणि थेंबांची बाटली, जिच्यात १ मिलीतच १०० मिग्रॅ असते, तिच्यातून ५ मिली म्हणजे ५०० मिग्रॅ! म्हणून मुलाचे वजन, औषधाची तीव्रता, मिग्रॅ आणि मिली या चारही गोष्टी चिठ्ठीवर हव्यात. माप सिरिंजने किंवा औषधासोबतच्या मापानेच घ्यावे. घरातले चमचे एकसारखे नसतात.

सारख्या दिसणाऱ्या नावांवर एक साधा उपाय आहे, आणि तो फारच कमी वापरला जातो: औषध कशासाठी, हे दोन शब्दांत लिहिणे. हायड्रॅलाझीन रक्तदाबासाठी, हायड्रॉक्सीझीन खाजेसाठी. पुढे 'खाजेसाठी' लिहिलेले असेल, तर फार्मासिस्टचा हात चुकीच्या डब्याकडे गेला तरी डोळे त्याला थांबवतात.

संगणकावरच्या चिठ्ठीने अक्षराचा प्रश्न सुटतो, पण यादीतली वरची किंवा खालची ओळ निवडली जाण्याचा नवा धोका येतो, आणि छापील चूक अधिक खरी वाटते. फोनवरून औषध सांगताना 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखेच ऐकू येतात. आकडे सुटे सांगावेत, 'एक-पाच', आणि ऐकणाऱ्याने आधी लिहून, मग लिहिलेले परत वाचून दाखवावे.

रुग्णाने तपासणीच्या खोलीतून उठण्यापूर्वीच विचारावे: नाव काय, कशासाठी, एका वेळी किती, दिवसातून किती वेळा, किती दिवस. मग दुकानातल्या पाकिटावरचे नाव आणि मिग्रॅ त्याच्याशी ताडून पाहावेत. नेहमीच्या गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला, तर ती घेण्याआधी फार्मासिस्टला विचारावे. बहुतेक वेळा फक्त कंपनी बदललेली असते. कधी मात्र औषधच वेगळे निघते.