गाय उलटते तेव्हा 16व्या दिवशी काय घडतं?

कागल, करवीर, राधानगरी, कुठल्याही गोठ्यात जा. गाय उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "सिमेनच खराब होतं." उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढलेली रेतमात्रा नीट वितळवली नाही, तर तो दोष असतोच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, हा नियम चुकला तरीही गाय उलटते. पण बऱ्याच गायींत गर्भ धरलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच तो जातो. मालकाला पत्ताही लागत नाही.

माज ओसरल्यावर अंडाशयातून बीज सुटतं आणि त्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक सोडतो तोवर गाय पुन्हा माजावर येत नाही. 16-17व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडून पीतपिंड मोडतं, म्हणून 21व्या दिवशी माज. गर्भाला जगायचं असेल, तर त्याआधी त्याने आपण आत आहोत हे कळवायला हवं. आणि गंमत बघा, तेव्हा तो गर्भाशयाला धड चिकटलेलाही नसतो! टाचणीच्या डोक्याएवढा हा गोळा चार-पाच दिवसांत लांबत जाऊन सुतासारखा वीतभर होतो आणि इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडतो. विषाणूंशी लढताना शरीर जी इंटरफेरॉन वापरतं, त्याच कुळातलं हे. त्याने प्रोस्टाग्लँडिन थोपतं, पीतपिंड टिकतो. गर्भ खुरटा राहिला तर प्रथिन कमी पडतं, आणि पीतपिंड मोडतो.

खुरटतो कशाने? सुरुवातीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन कमी पडल्याने. भरपूर दूध देणारी गाय भरपूर खाते, यकृतातून रक्त जास्त फिरतं आणि प्रोजेस्टेरॉनचा निचरा लवकर होतो. शिवाय व्याल्यानंतर दुधाला लागेल तेवढं खाणं तिला जमत नाही, अंगावरची चरबी झडते. त्या दिवसांत वाढलेलं बीजही कमकुवत निघतं. कमरेची हाडं वर आलेली गाय उलटते ती यामुळे.

आपल्याकडे गळीत हंगामात दावणीला नुसते उसाचे वाडे पडतात. वाड्यांत प्रथिनं कमी आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सोबत पेंड, हिरवा चारा, खनिज मिश्रण हवंच. गोठ्याला लिंबू-मिरची बांधून किंवा अंगारा लावून हे काहीही बदलत नाही, उलट एकेक माज हातचा जातो. "एका इंजेक्शनात हमखास गाभण" या दाव्यालाही भुलू नका.

माजाचा सोट, म्हणजे माजावर असताना योनीतून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ आहे का, की त्यात पुवाचे पांढरे कण आहेत, हे उजेडात बघा. कण दिसले तर आधी गर्भाशयाचा उपचार. आणि भरवल्याची तारीख भिंतीवर लिहाच. गाय 21व्या दिवशी उलटली, तर बीज फळलं नाही किंवा गर्भ लवकर गेला. 30-35व्या दिवशी उलटली, तर बहुतेक वेळा गर्भाने आपण आत आहोत हे कळवलं होतं आणि तो नंतर गेला. डॉक्टरांना त्या तारखांवरूनच पुढचा तपास ठरवता येतो.