उलरिख म्यूहे: भिंतीवरचा पहारेकरी ते पडद्यावरचा श्टाझी कॅप्टन

'द लाइव्ज ऑफ अदर्स' हा जर्मन पिक्चर बघितलेल्या माणसाला माळ्यावर हेडफोन लावून बसलेला, राखाडी जॅकेटमधला तो श्टाझी (म्हणजे पूर्व जर्मनीचं गुप्त पोलीस खातं) अधिकारी विसरता येत नाही. पण तो रोल करणाऱ्या उलरिख म्यूहेचं आयुष्य कसं गेलं हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, आणि ते कळलं की तोच पिक्चर पुन्हा बघताना अंगावर काटा येतो.

म्यूहेचा जन्म 20 जून 1953 चा, पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या ग्रिमा गावातला. वडील फरचे कोट शिवणारे कारागीर. शाळेनंतर त्यानं बांधकामाचं काम शिकून घेतलं, मग सक्तीची लष्करी नोकरी आली आणि ड्युटी लागली ती थेट बर्लिनच्या भिंतीवर. म्हणजे 1961 मध्ये आपल्याच लोकांना पळून जाता येऊ नये म्हणून सरकारनं जी भिंत उभी केली तिच्यावर बंदूक घेऊन उभं राहायचं आणि कुणी पळताना दिसलाच तर गोळी झाडायची. त्या ताणानं पोरग्याच्या पोटात अल्सर झाले आणि मुदतीआधीच त्याला घरी पाठवलं.

1975 ते 79 लाइपझिगच्या नाट्यशाळेत शिकला, मग कार्ल मार्क्स श्टाट, म्हणजे आताचं केमनिट्झ, तिथल्या नाटकमंडळीत लागला. तिथून नाटककार हायनर म्युलरनं त्याला बर्लिनला आणलं आणि 1983 पासून तो डॉइचेस थिएटरचा मोठा नट झाला. पूर्व जर्मनीत नाटकाला फार किंमत होती, पेपरात जे छापता यायचं नाही ते स्टेजवर आडून आडून बोललं जायचं आणि प्रेक्षकाला ते बरोबर कळायचं. साहजिकच श्टाझीची नजर थिएटरवर कायम. शेवटी शेवटी या खात्याचा पगारी स्टाफच 90 हजारांच्या आसपास होता, वर खबरी वेगळे.

1989 च्या शरद ऋतूत काय काय झालं ते बघा. ऑक्टोबरच्या शेवटी म्यूहेनं डॉइचेस थिएटरमध्ये वाल्टर यांकाचं आत्मकथन जाहीर वाचून दाखवलं. यांका हा प्रकाशक, 1957 मध्ये खोट्या खटल्यात तुरुंगात टाकलेला, आणि त्याचं हे पुस्तक छापलं गेलं होतं पश्चिम जर्मनीत. मग 4 नोव्हेंबरला बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झ चौकात लाखोंची सभा झाली, ती भरवण्यात थिएटरवालेच पुढे होते आणि बोलणाऱ्यांत म्यूहे होता. हे सगळं सरकारी टीव्हीवर लाइव्ह दाखवलं गेलं! पाच दिवसांनी भिंत उघडली. त्याच सुमारास म्युलरसोबत हॅम्लेटच्या तालमी चालू होत्या, मार्च 1990 मध्ये तो जवळजवळ आठ तासांचा प्रयोग स्टेजवर आला तोवर ज्या देशासाठी बसवला तो देशच संपत आला होता. हॅम्लेट अर्थातच म्यूहे.

पुढे श्टाझीच्या फायली लोकांना बघायला खुल्या झाल्या आणि त्यातून आपल्याच थिएटरमधले सहकारी आपल्यावर रिपोर्ट लिहीत होते हे त्याला कळलं, असं तो सांगायचा. याचा सगळ्यात कडू भाग घरातला. दुसरी बायको, अभिनेत्री येनी ग्रोलमन, हीसुद्धा खबरी होती असं तो 'द लाइव्ज ऑफ अदर्स'वर निघालेल्या पुस्तकातल्या मुलाखतीत म्हणाला. तिनं ते साफ नाकारलं, कोर्टात गेली, पुस्तकातला तो मजकूर काळा करावा लागला आणि 2006 मध्येच ती वारली. बाहेरून बघणाऱ्यानं यात निकाल देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता पिक्चर. दिग्दर्शक फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्कचा हा पहिलाच मोठा सिनेमा, 2006 चा. सुरुवातीला म्यूहेचा कॅप्टन वीझ्लर वर्गात चौकशीची पद्धत शिकवतो, एक विद्यार्थी विचारतो की हे अमानुष नाही का, तर वीझ्लर आवाज न चढवता उत्तर देतो आणि देता देता वर्गात कोण कुठे बसलंय त्या कागदावर त्या पोराच्या नावापुढे फुली मारतो. बस, तेवढंच. डोळे मोठे करणं नाही, खुनशी हसणं नाही. असली माणसं म्यूहेनं समोर बघितलेली होती. तयारी कशी केलीत असं विचारलं तर तो म्हणायचा, मी आठवलं. त्या वर्षी जर्मन फिल्म अवॉर्ड आणि युरोपियन फिल्म अवॉर्ड, दोन्हीकडे बेस्ट ॲक्टर तोच.

फक्त या एका रोलवर त्याला मोजू नका. दिग्दर्शक हानेकेच्या 1997 च्या 'फनी गेम्स' या पिक्चरमध्ये तो आणि त्याची तिसरी बायको सुझान लोथार, दोघं छळ होणाऱ्या नवरा-बायकोच्या रोलमध्ये आहेत, बघायला काळीज घट्ट लागतं. आणि जर्मन घराघरात त्याची ओळख होती ती झेडडीएफ चॅनलवरच्या 'डेअर लेट्झ्टे झोयगे' या सिरियलमुळे, 1998 पासून 2007 पर्यंत त्यात तो शवविच्छेदन करणारा डॉक्टर कोलमार होता.

फेब्रुवारी 2007 मध्ये पिक्चरला परकीय भाषेचं ऑस्कर मिळालं तेव्हा तो तिथे होता, परत येऊन लगेच पोटाचं ऑपरेशन झालं, आणि 22 जुलैला वाल्बेक गावी पोटाच्या कॅन्सरनं गेला. वय 54. ग्रोलमनपासून झालेली मुलगी आना मारिया म्यूहे आज जर्मन सिनेमा-टीव्हीत भक्कम नाव आहे. नेटफ्लिक्सवरच्या 'डॉग्ज ऑफ बर्लिन'मध्ये तीही आहे.